डबा, लॅपटॉप आणि झांज

टक्.

एवढाच आवाज झाला. पण दुपारी अडीचला, सगळं घर चिडीचूप असताना, तेवढाही पुरेसा होता. मागच्या पडवीत सुकट निवडत बसलेल्या योगिनीचा हात सुपातच थांबला.

दिवसातला हा एक तास तिचा असायचा. उर्वी बालवाडीतून येऊन, जेवून, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली. सासू सत्यवती मधल्या खोलीत जरा आडवी झालेली. नवरा रूपेश जयगडच्या बंदरात ड्युटीवर. ह्या तासात कुणाचंही काहीही तिच्याकडे मागणं नसायचं. म्हणून त्यात होणारा प्रत्येक आवाज तिला ओळखीचा होता. हा भांड्याचा नव्हता, दाराच्या कडीचाही नव्हता. हा रूपेशने आणलेल्या काळ्या डब्याचा होता. गाणं सुरू होण्याआधी त्या डब्याच्या पोटात कुठलं तरी इवलंसं बटण आपलंआपण फिरायचं आणि टक् वाजायचं.

पण रूपेश घरात नव्हता आणि दुसरं कुणी त्या डब्याला हात लावत नसे.

हात पदराला पुसत ती पुढच्या खोलीच्या दारात आली. सासरे स्टुलावर बसले होते, स्पीकरला इतके चिकटून की मिशी जाळीला लागावी. मोरू तांडेलांच्या बोटीवरचे इंजिन ड्रायव्हर म्हणून मिरकरवाड्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचं, नाव मोरू आणि ह्यांचंही मोरू, म्हणून लोक ह्यांना इंजिन-मोरू म्हणत. कान पुढे करून, डोळे बारीक करून ते असे बसले होते की जणू इंजिनात कुठला वॉल्व्ह ठोकतोय ते शोधताहेत. लॅपटॉपवर एक बोट. आवाज वाढत चालला होता. पखवाज, पेटी, आणि त्यांच्यावरून लखलखत जाणारी झांज.

"बाबा," योगिनी म्हणाली.

त्यांनी मान वळवली नाही.

"बाबा!"

तरीही नाही. आणि दारात उभ्या उभ्या योगिनीच्या लक्षात आलं, की आता आपल्याला बोलावंच लागणार.

ह्या सगळ्याची सुरुवात दिवाळीच्या साफसफाईत झाली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक कॅसेट सापडली. वेळणेश्वरला महाशिवरात्रीच्या जत्रेत झालेली डबलबारी. दोन बुवा आमनेसामने बसून, एकमेकांना भजनातून चिमटे काढत रात्र जागवतात, तसला सामना. एका बाजूला सखाराम बुवा, तेव्हा ऐन पंचविशीतले, आणि त्यांच्या डाव्या हाताला झांजेवर मोरू. त्या वर्षी त्यांनी सामना मारला तो झांजेवर, असं सगळी वाडी अजून म्हणते. मोरू स्वतः असं कधी म्हणत नसत, पण कुणी म्हणालं की तिथून उठतही नसत.

रूपेशने ती कॅसेट लॅपटॉपमध्ये घेतली. पहिल्यांदा लावली तेव्हा बापाच्या तोंडाकडे बघत बसला. मोरूंनी सगळं ऐकलं, मग म्हणाले, "पखवाज बरा आलाय. पेटी बरी. झांज नाय."

"आहे ना, बाबा."

"ही? ही झांज? ओला पापड मोडल्यासारखी?"

झालं. रूपेशच्या डोक्यात किडा शिरला. लहानपणापासून त्याला आवाजाचं वेड. स्पीकरही त्याने स्वतः बांधलेले, फणसाच्या लाकडात. इंटरनेटवर वाचून वाचून त्याने शोधून काढलं की आवाजाला वरची पायरी चढवता येते. एका रविवारी बाप अंगणात जाळं दुरुस्त करत होता, तिथे जाऊन त्याला समजावायला लागला.

"कॅसेट लॅपटॉपमध्ये घेतली म्हणजे काय केलं, तर सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा आवाजाचं माप घेतलं. आता दोन मापांच्या मधल्या जागा गणिताने भरायच्या. एका मापाची आठ करायची. मग आवाज नितळ होतो."

मोरूंनी जाळ्याच्या एका भोकात, आसात, बोट घातलं. "म्हणजे आस बारीक करतंस."

"तसंच."

"मेल्या, मासा निसटल्यावर आस बारीक करून काय उपयोग?"

"निसटलेला नाही मिळायचा, बाबा. पण आत आलेला नीट दिसेल."

"बघ बाबा," मोरू म्हणाले. पण जाळं बाजूला ठेवून त्याच्यामागून घरात आले.

आधी सॉफ्टवेअर झालं. लॅपटॉपच सगळं गणित करायचा. त्याचा पंखा असा घोंघावायचा की सत्यवतीने विचारलं, "हा उडणार काय आता?" त्यात आवाज गाळायच्या पंधरा-वीस पद्धती. रूपेश एकेक लावायचा, बापाला बसवायचा. कामावरून येऊन चहा घेण्याआधी, दाढी करता करता, एकदा तर मोरू अंघोळीला निघाले तेव्हा टॉवेलवर. मोरूंचं उत्तर ठरलेलं. पखवाज बरा. पेटी बरी. झांज नाय.

मग डबा आला. तो रूपेशचा बंदरातला मित्र सलिल याचा. त्याने काही दिवस वापरायला दिला. सलिलचं म्हणणं साधं होतं. लॅपटॉप दहा कामं करता करता हे अकरावं करतो, त्यामुळे कुठे ना कुठे गडबड होतेच. डबा जन्माला आला तो एवढ्या एकाच कामासाठी. ह्यातली चिप दुसरं काही जाणतच नाही.

रूपेशने हे जेवताना सगळ्यांना सांगितलं. सत्यवती भात वाढता वाढता थांबली. "म्हणजे लॅपटॉप बाई आणि डबा बाप्या. एकच काम करायचा नि त्याचाच केवढा टेंभा!"

योगिनीला ठसका लागला. मोरू मात्र गंभीरपणे म्हणाले, "लाव, लाव. बाप्याचा ऐकू."

पण डब्यातूनही झांज येईना. आता रूपेशला कळेना की डबा खोटा की सलिल. शेवटी एका रविवारी सकाळी त्याने परीक्षाच मांडली. बापाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. एकदा सॉफ्टवेअर, एकदा डबा. डब्याचं टक् दोन्ही वेळा वाजेल अशी त्याने जोडणी केली, म्हणजे त्यावरून ओळखायला नको. आधी कुठलं ते योगिनीने मनात ठरवायचं, तिनेच लावायचं, आणि रूपेशनेही बघायचं नाही. त्यालाही स्वतःच्या कानांची खात्री करून घ्यायची होती. तोही डोळे मिटून बसला.

योगिनीने आधी डबा लावला, मग सॉफ्टवेअर. तिला स्वतःला दोन्हींत तसूभर फरक कळला नाही. पण तिचं लक्ष तिकडे नव्हतंच. पायांशी उर्वी रंगपेटी घेऊन बसली होती. भजन गजरावर आलं, झांज उसळली, तशी पोरीने दोन्ही हात कानांवर दाबले. "आई, टोचतंय!" दुसऱ्या वेळीही तसंच. त्याच जागी. तसेच हात.

"काय वाटलं, बाबा?" रूपेशने डोळे उघडत विचारलं. "पहिला की दुसरा?"

"दोन्ही एकाच बोटीतले," मोरू म्हणाले. "झांज दोन्हींत नाय. योगिनी, च्या टाक."

रूपेशचा चेहरा उतरला. योगिनी चहाचं पाणी ठेवायला गेली आणि गॅसपाशी तशीच उभी राहिली. पाणी उकळून अर्धं झालं.

कारण आता एकामागून एक सगळं तिच्या ध्यानात येत होतं. उर्वीच्या हाकेला आजोबा ओ देत नाहीत, रूपेशच्या जाड आवाजाला देतात. फोन शेजारी वाजत असतो आणि ते म्हणतात, मला फोन करतो कोण. घरात तर ही चेष्टाच होऊन बसली होती. सत्यवती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या ह्यांना बायकोचा सोडून सगळा ऐकू येतो." सगळे हसायचे. मोरूही हसायचे, थोडे उशिरा.

झांज कॅसेटमध्ये होती. लॅपटॉपमध्ये होती, डब्यात होती. नव्हती ती एकाच ठिकाणी.

तिने त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? झांज हा मोरूंचा शेवटचा हुद्दा होता. बोट सोडली, समुद्र सोडला, डॉक्टरांनी सांगितल्यावर तंबाखूही सोडली. दर गुरुवारी गणपतीच्या देवळात मंडळाबरोबर बसणं तेवढं राहिलं होतं, आणि माघी गणेशजयंतीला डबलबारी ठरली होती. इतक्या वर्षांनी पुन्हा सामना. सखाराम बुवांच्या डाव्या हाताला पुन्हा मोरू. कॅसेटमधली झांज त्यांना ऐकायची होती ती त्यासाठी. तेव्हाचा हात कसा होता ते आठवायला.

चार दिवसांनी बाजारात बुवाच भेटले. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "बाय, तुझ्या सासऱ्याचा हात जड झालाय."

योगिनीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"घण घातल्यासारखी मारतो. माझा शब्द बुडतो. मंडळी कुरकुरतात. मी म्हटला, होईल, होईल. पण समोरचा बुवा हुशार हाय. पहिल्या बारीलाच टोमणा मारील, नि तो भर सभेत. त्यापेक्षा ह्या वेळी मोरूनं पुढं बसून ऐकावा. मी दुसरा माणूस बघतो."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी?" बुवा दचकले. "चाळीस वर्षं तो माझ्या बाजूला बसलाय. तू सांग. तुझा ऐकतो तो. मला मंगळवारपर्यंत कळव."

तो मंगळवार उद्यावर आला होता. म्हणूनच सुकट निवडताना योगिनीचं चित्त ठिकाणावर नव्हतं आणि म्हणूनच ती आता ह्या दारात अशी खिळून उभी होती.

ती पुढे झाली आणि मोरूंच्या खांद्याला हात लावला. ते दचकले, मग चोरी पकडल्यासारखे हसले.

"म्हटला रूपेश नाय तर जरा आपणच बघावा. तो असला की माझ्या तोंडाकडे बघत बसतो. मला काय सुचत नाय." त्यांनी भजन थांबवलं. "बाय, खरा सांग. ह्यात झांज हाय?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. डबा बिघडलाय म्हणायचं. रूपेश दुसरा आणेल, मग तिसरा. तोवर बुवांना काहीतरी सांगून... पण बुवांना काय सांगणार होती ती? तिने काही न सांगितलं तरी गुरुवारी दुसरा माणूस त्या जागेवर बसणारच होता, आणि मोरूंना कळणार होतं ते देवळात, सगळ्यांच्या देखत.

ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली. तोंड त्यांना दिसेल असं.

"आहे, बाबा."

"कशी?"

"लख्ख. पहिल्या ठोक्यापासून."

"डब्यात?"

"डब्यातही. लॅपटॉपमध्येही. त्या रविवारी उर्वीने दोन्ही वेळा कान झाकले होते."

मोरूंनी स्पीकरकडे बघितलं. मग लॅपटॉपचं झाकण मिटायला गेले, पण मिटलं नाही. बोट कडेवरून नुसतं फिरवलं.

"सदतीस वर्षं," ते म्हणाले, "इंजिनाच्या उशाशी झोपलो. इंजिन बंद पडला की जाग यायची. चालू असताना नाय. कान तिथंच विसरून आलो म्हणायचा."

योगिनी स्टुलाजवळ आणखी सरकली.

"रूपेशला सांगू नको एवढ्यात. पोरगा इतके दिवस राबलाय. त्याला वाटंल, बापानं फुकट पळवला."

"त्याला तसं नाही वाटायचं, बाबा."

"सखाराम काय म्हणला?"

ती चपापली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवा? दोन गुरुवार झाले, माझ्याकडे बघत नाय तो."

मग तिने सांगून टाकलं. हात जड झालाय, हेही. मोरू ऐकत होते आणि तिच्या ओठांकडे बघत होते. बऱ्याच महिन्यांपासून ते असंच बघत असणार, हे तिला आत्ता कळलं. सांगून झाल्यावर ते उठले. तिला वाटलं, आता अंगणात जाऊन बसतील. पण त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, पिशवीतून झांजा काढल्या.

"मला ऐकू येत नाय म्हणून मी जोरानं मारतो. होय ना?"

"हो."

"मग असा कर. बोटीवर खाली कोण कुणाचा ऐकतो? काय नाय. सगळा हातानं चालतो. तांडेलाचा माणूस वरून वाकून हात दाखवायचा. तळवा खाली, म्हणजे कमी कर. तळवा वर, वाढव. मूठ म्हणजे बंद. सदतीस वर्षांत एकदा चूक नाय झाली. तू बस तिकडे. आणि दाखव."

त्यांनी भजन लावलं आणि वाजवायला लागले. पहिला ठोका असा पडला की खिडकीतला कावळा उडाला. योगिनीने तळवा खाली केला. आणखी खाली. आणखी. मोरूंचा हात हलका होत गेला, इतका की दोन झांजा एकमेकींना विचारून लागताहेत असं वाटावं. "एवढीच?" त्यांनी अविश्वासाने विचारलं. तिने मान हलवली. "ही तर लागलीच नाय." "लागली, बाबा. छान लागली."

अर्थात घर उठलंच. उर्वी डोळे चोळत आली, काय खेळ चाललाय ते दोन मिनिटं बघितलं आणि आईला ढकलून स्वतः समोर बसली. पोर भलतीच कडक निघाली. आईला जे चाललं असतं ते तिला चालत नव्हतं. जरा आवाज वाढला की तळवा थेट जमिनीला टेकायचा.

सत्यवती दारात येऊन उभी राहिली. "भर दुपारी कुणाची आरती?" मग तिने नवऱ्याकडे बघितलं, नातीच्या हाताकडे बघितलं आणि पुढचा टोमणा तिच्या तोंडातच राहिला. आत आली, उर्वीच्या मागे बसली.

"मला काय ठाऊक नव्हता होय?" ती हळूच योगिनीला म्हणाली. "मी काय भिंतीशी बोलत होते इतकी वर्षं? पण हसण्यावारी नेला की माणसाला लागत नाय."

संध्याकाळी मोरूंनी स्वतःच रूपेशला सांगितलं. तो बूटही न काढता ओट्यावर बसून राहिला. मग एकदम मान वर करून म्हणाला, "म्हणजे डबा हरला असं नाही! परीक्षक बाद झाला!"

"तू पण होतास की डोळे मिटून," योगिनी म्हणाली. "तुला काय कळलं?"

"मला दुसरा थोडा जास्त मोकळा वाटला. तो डबाच होता ना?"

"दुसरं सॉफ्टवेअर होतं."

रूपेश तिच्याकडे बघत राहिला. आधी मोरू हसले, त्यांना काय कळलं कोण जाणे, आणि मग सगळेच हसले. हसता हसता रूपेशने बापाचा हात धरला आणि तो सोडला नाही. दुसऱ्याच दिवशी तो डबा सलिलला परत देऊन आला. माघी झाल्यावर कानाच्या डॉक्टरकडे जायचं, एवढं त्याने बापाकडून कबूल करून घेतलं. त्याच्या आधी नाही, ही मोरूंची अट.

बुवांना मात्र योगिनीने काही कळवलं नाही. मोरू म्हणाले, मी बोलतो. गुरुवारी ते देवळात गेले ते उर्वीला बोटाशी धरून. मागून योगिनी. मंडळी सतरंजीवर बसत होती. मोरू आपल्या जागी बसले नाहीत, उभे राहिले.

"सखाराम, बारीक, उंच आवाजाला माझा कान गेला. झांज मला ऐकू येत नाय. तू मला तोंडावर बोलला नाय, ते ऱ्हाऊदे. ही पोर समोर बसंल. ती सांगंल तसा वाजवीन. आजचा गजर होईपर्यंत बघ. नाय पटला तर मीच झांज खाली ठेवीन, पुढं बसून ऐकीन. तुझा शब्द बुडला नाय पायजे."

पखवाजवाला वाद्याच्या डाव्या तोंडाला कणीक थापायचं विसरून बघत राहिला. सखाराम बुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बस," एवढंच म्हणाले.

उर्वी सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसली. पाच वर्षांची पोर, पण चेहऱ्यावर असा भाव की तिच्या इशाऱ्याशिवाय बोट बंदरातून हलणार नाही. भजन सुरू झालं. तिचा तळवा खाली, खाली, तिथेच. मोरूंची नजर तिच्या हाताला बांधलेली. झांज इतकी बारीक, इतकी नेमकी वाजत होती की योगिनीला आधी ती वेगळी ऐकूच आली नाही. बुवांच्या प्रत्येक शब्दाला एक उजळ किनार लागतेय एवढंच जाणवत होतं. दुसऱ्या कडव्याला बुवांनी डावीकडे मान वळवून बघितलं. तिसऱ्याला पुन्हा. मग बघणं सोडून दिलं आणि गायला लागले.

गजर आला. लय चढली. उर्वीने दोन्ही तळवे वर केले, पहिल्यांदाच. मोरूंनी ते बघितलं आणि हात मोकळा सोडला. झांज उसळली, छताला लागली, आणि पोरीने ह्या खेपेला कान झाकले नाहीत. ती आजोबांकडे बघत होती. कारण मोरूंनी डोळे मिटले होते. इशाऱ्याची गरज संपल्यासारखे. मान डोलत होती, ओठ हलत होते, आणि ठोका एकही चुकत नव्हता.

गजर थांबला. कुणीतरी पाण्याचा तांब्या फिरवला. बुवा मोरूंकडे झुकले आणि त्यांच्या कानाशी नाही, तोंडासमोर येऊन, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करत म्हणाले, "माघीला लवकर ये. पहिली बारी आपली हाय."

मोरूंनी मान हलवली आणि झांजा मांडीवर ठेवून त्या उपरण्याने पुसायला लागले.

उर्वी उठून पळत आली आणि योगिनीच्या मांडीत शिरली. हात गरम झाले होते तिचे. योगिनीने ते आपल्या हातात घेतले. तिथून तिने आजोबांकडे बघितलं. मग आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, आजोबांना झांज ऐकूच येत नाही ना?"

"नाही गं, सोन्या."

"मग आत्ता डोळे मिटून ते काय ऐकत होते?"